भुवईवरचा कापूस

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत. देवापुढेही नाही. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मारुतीचं एवढंसं देऊळ होतं. रोज सकाळी ते तिथे जायचे आणि दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घालून उभे राहायचे. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, मान जराशी तिरकी. बघणाऱ्याला वाटावं, मारुतीच यांच्याकडे नोकरी मागायला आलेला आहे. पाचेक मिनिटांनी मान हलवायचे, 'बरं, बघू' म्हटल्यासारखी, आणि निघायचे. त्यांच्यापुढे तीर्थाची पळी धरून धरून पुजारी उजव्या खांद्यातून कायमचा गेला, असं मी गल्लीत सांगत असे.

"काकाजी, निदान हात तरी जोडा," मी एकदा म्हटलं.

"हात लोकायले दिसावं म्हनून जोडा लागते बाप्पा. त्याले काय करा लागते हातायचं? तो डायरेक्ट आत पाह्यते."

"आणि तोंडात खर्रा?"

"तोबी त्याले माहीत हाय. म्हनून तं लपवत नाई."

मी तेव्हा एका औषध कंपनीचा माणूस होतो. गळ्यात टाय, काखेत बॅग, खाली फटफटी. आज अमरावती, उद्या नांदगाव खंडेश्वर, परवा अकोला. पोट सगळं जिभेवर. खोकल्याच्या औषधाचं मी असं वर्णन करायचो की ऐकता ऐकता डॉक्टरला खोकला यावा. दहा पाहिले की शंभर सांगणं हा माझा जन्मजात आजार, आणि त्यावर आमच्या कंपनीकडेही गोळी नव्हती. खोली बघायला गेलो तेव्हा काकाजींनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"खोटं बोलतो का?"

"बोलतो," मी म्हटलं.

"मंग राहाले ये. खोटं बोलतो म्हनून सांगनारा मानूस मधातून खरा असते."

'मधातून' हा त्यांचा शब्द. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं कापसाचा दर्जा ठरवायचं काम केलं होतं. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ताणला की ते शिवार सांगायचे, वेचणी कितवी ते सांगायचे, आणि वेचणारी बाई त्या दिवशी सासूशी भांडून आली होती का तेही सांगायचे. शेवटचं माझं आहे, पण पहिली दोन खरी. गाडी आली की शेतकरी वरचा पांढराशुभ्र कापूस पुढे करायचा. काकाजी तिकडे बघायचेही नाहीत. बाही वर सारायची आणि हात थेट खांद्यापर्यंत ढिगात खुपसायचा, जसा गुरांचा डॉक्टर अडलेल्या गाईला बघतो. मधला कापूस मुठीत धरून बाहेर काढायचा आणि मग बोलायचं.

"वरचा कापूस कोनीबी चांगलाच ठेवते," ते म्हणायचे. "त्यात काय पाहाचं? आन् कधी कधी उलटंबी असते गड्या. वरून पिवया पडलेला, पावसानं मार खाल्लेला, आन् मधात हात घातला का लोन्यासारखा. असा कापूस पाह्यला का म्या त्या मानसाले सोताहून च्या पाजत होतो."

देवाबद्दल त्यांचं सगळं शास्त्र एवढंच. वर एक मोठा ग्रेडर बसला आहे, तो वरचं बघत नाही, मधात हात घालतो. मग तुम्ही कशाला घाबरता, आणि कशाला बोंबलता?

बोंबलत ते कधीच नसत. समोरच्या घरासमोर कडुलिंब होता. एका उन्हाळ्यात तो वाळला. समोरच्यानं गल्ली गोळा केली आणि काकाजींवर आळ घेतला, पानांचा कचरा यांच्या ओट्यावर येतो म्हणून यांनीच मुळाशी तेजाब ओतलं. आता मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, नळ दिवसाआड यायचा आणि तरी हा माणूस भर दुपारी गल्ली झोपली की एक बादली त्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ओतायचा. सगळी गल्ली तोंडावर बोलते आहे आणि हे ओट्यावर बसून खर्रा घोटताहेत.

"काकाजी, सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? त्याले माहीत हाय. गल्लीले कायले परेशान करू?"

समोरच्यानं दोन वर्षं अबोला धरला. काकाजींच्या झोपेत दोन मिनिटांचाही फरक पडला नाही. इतकं हलकं डोकं मी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर पाहिलेलं नाही. मला तर वाटायचं, आपलं सगळं सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून हा माणूस मोकळ्या हातांनी गाव फिरतो आहे.

मग काकू विसरायला लागल्या.

आधी मीठ विसरल्या. मग मीठ घातलंय हे विसरल्या, आणि तीन तीनदा घालायला लागल्या. त्या आठवड्यातलं वरण जहाज सोडण्याच्या लायकीचं होतं. काकाजी ते जेवायचे आणि वरून म्हणायचे, जमलं. मग काकू शेजारणींची नावं विसरल्या, मग आपण बडनेऱ्यात आहोत हे विसरल्या. आणि एका सकाळी काकाजी देवळातून परत आले, तर काकूंनी झटकन डोक्यावर पदर घेतला आणि दाराआडून म्हणाल्या, "घरचे डुटीवर गेले हायेत. सांजच्याले या."

काकाजी उंबऱ्यात उभे. मी माझ्या खोलीच्या दारात, हातात फटफटीची किल्ली. काकाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"बरं बाई," ते म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. दिवसभर बसले.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यावरून गल्लीनं त्यांना बह्याळ, म्हणजे खुळं, ठरवलं. अकोल्याला जिनिंगमधून ते घरी यायचे तेव्हा डोक्यावर, कानांत, भुवयांवर कापूस चिकटलेला असायचा. काकू पदरानं त्यांच्या भुवया पुसायच्या आणि मग चहा टाकायच्या. तीस वर्षं रोज. काकाजींनी एक जुनी रजई उसवली, कापूस काढला, थोडं पाणी लावून दोन्ही भुवयांवर चिकटवला, जेवणाचा जुना डबा हातात घेतला आणि दारात येऊन खाकरले.

"आले का," आतून काकू म्हणाल्या. बाहेर आल्या. पदरानं त्यांच्या भुवया पुसल्या, आधी डावी, मग उजवी. पुसून झाल्यावर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढला.

"तुमी कोन?"

म्हणजे कापूस होता तेवढाच नवरा. पुसला की परका. काकाजी "बरं बाई" म्हणून बाहेर यायचे, ओट्यावर बसून पुन्हा कापूस लावायचे, पुन्हा डबा उचलायचे, पुन्हा खाकरायचे. दिवसातून वीस वेळा. हे वीस मी वाढवलेले नाहीत, एक दिवस मोजले होते. दिवाळीपर्यंत घरातल्या चार रजया संपल्या, पाचवी मी दिली. घाईत असले की ते तसेच बाजारात जायचे. भुवयांवर कापूस, हातात भाजीची पिशवी. पोट्टे मागून ओरडायचे. भाजीवाली पदराआड हसायची. काकाजींनी कुणाला काही सांगितलं नाही.

"अहो, लोकांना कारण तरी कळू द्या," मी म्हणायचो.

"ज्याले कयाले पायजे त्याले कयते."

काकूंना काही कळत नव्हतं असंही नाही. नवरा डुटीवरून अजून आला नाही एवढं त्यांना पक्कं कळत होतं. म्हणून त्या त्याला आणायला निघायच्या. बडनेऱ्याचं स्टेशन आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. दोनदा त्या फलाटावर सापडल्या, अकोल्याच्या गाडीची चौकशी करताना. तिसऱ्यांदा सापडल्या त्या रुळांच्या मधोमध. लाईनवरच्या एका माणसानं खेचून बाजूला घेतलं आणि काकाजींना एवढ्या शिव्या घातल्या की मालगाडीनं मान खाली घालून जावं.

त्या दिवसापासून काकाजींनी दुपट्टा काढला. एक टोक काकूंच्या मनगटाला, एक स्वतःच्या. मऊ गाठ, आत फडक्याची घडी, वळ उठू नये म्हणून. दोघं अंगणात जोडीनं फिरायचे, जोडीनं बसायचे, काकाजी भात रांधायचे तेव्हा काकू शेजारी चुलीसमोर. मी म्हणायचो, लग्नात गाठ बांधतात ती लोक दुसऱ्या दिवशी सोडतात, काकाजींनी ती पन्नास वर्षांनी पुन्हा मारली. फक्त नळ आला की दोन्ही हात लागायचे. तेवढा पाऊण तास ते आपल्या बाजूचं टोक खाटेच्या पायाला बांधायचे. आणि त्या पाऊण तासात काकू गल्ली डोक्यावर घ्यायच्या.

"सोडवा वं माय. यानं मले पयवून आनलं. माह्या घरच्यायले सांगा वं कोनी."

माझी खोली भिंतीपलीकडे. भिंत एका विटेची. आवाज असा यायचा की बाई माझ्याच खाटेला बांधली आहे.

आता इथवर तुम्ही हसला असाल तर हरकत नाही, मीही गल्लीत हे सांगून हशे घेतले आहेत. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझं लग्न जमत होतं. मुलगी अकोल्याची, मला मनापासून आवडलेली. तिच्या घरचे रविवारी माझी खोली बघायला यायचे होते, मुलगा राहतो कसा, कुणात राहतो. आधीचं एक स्थळ याच अंगणातून परत गेलं होतं. आतून ओरडा ऐकला आणि मुलीच्या आईनं अर्धा कप चहा तसाच ठेवला होता. मी रविवारची वाट बघत होतो आणि भिंतीकडे बघत होतो.

गुरुवारी दुपारी, नळ आलेला असताना, काकूंचा धाकटा भाऊ अकोल्याहून आला. निवृत्त शिक्षक, सरळ माणूस. बहिणीसाठी डब्यातून तिळाची चटणी आणली होती. तो दारातून आत गेला आणि त्याला बहीण खाटेच्या पायाला बांधलेली दिसली. त्याच्या हातातला डबा खाली पडला. मी चटणी सांडलेली पाहिली.

त्यानं आरडाओरडा केला नाही. बहिणीची गाठ सोडली, तिला पाणी पाजलं. तिनं त्याला ओळखलं. "आला का रे भाऊ," म्हणाली. मग त्यानं गल्लीतले तीन जाणते बोलावले, समोरचा कडुलिंबवाला धरून, आणि सगळे ओट्यावर बसले. काकाजी पाण्याच्या बादल्या ठेवून आले. भुवयांवर कापूस तसाच.

"भाऊजी, हे काय व्हय?" भाऊ म्हणाला.

काकाजींनी ओले हात पॅन्टला पुसले.

"मारता का तिले?"

"त्याले माहीत हाय," काकाजी म्हणाले.

"त्याले माहीत असंल. मले नाई ना माहीत. मले सांगा. मी तिचा भाऊ हाय."

काकाजींनी खाली मान घातली. मला दिसत होतं, त्यांना सांगताच येत नव्हतं. सत्तर वर्षं ज्या माणसानं एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, त्याला ती आज कुठून सापडणार? त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलणारा माणूस तिथे मी एकटाच होतो.

भाऊ माझ्याकडे वळला. "तुमी शिकलेले हा. औषधायचं काम करता. भिंतीले भिंत लागून राहता. तुमीच सांगा. बांधते का हा तिले?"

"हो," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"ती ओरडते, सोडवा म्हनते, तरी?"

"हो."

आयुष्यात एकदाच मी मीठमसाला न लावता बोललो. तीन प्रश्न, तीन उत्तरं, एकही खोटं नाही. रुळांचं सांगितलं नाही. फडक्याची घडी सांगितली नाही. माझ्या काखेत बॅग होती आणि बॅगेत आमच्या कंपनीचा गुळगुळीत कागद होता. त्यावर हसऱ्या आजीचा फोटो, खाली त्या आजाराचं नाव आणि सगळी लक्षणं ओळीनं छापलेली: आपल्या माणसाला परकं समजणं, घरातून निघून जाणं. तो कागद मी अमरावतीत दिवसाला दहा डॉक्टरांसमोर नाचवायचो. बॅगेची चेन उघडायला किती वेळ लागतो? माझ्या डोक्यात फक्त रविवार होता.

तासाभरात काकू निघाल्या. खुशीत निघाल्या. फाटकाशी थांबून काकाजींना म्हणाल्या, "तुमी लय केलं पाहुन्या. घरचे आले का सांगीन त्यायले." काकाजी म्हणाले, "बरं बाई."

रविवारी अंगण असं शांत होतं की मुलीचे वडील म्हणाले, जागा चांगली आहे. काकाजींनी स्वतः पाहुण्यांना पाणी आणून दिलं. त्यासाठी दोन्ही हात मोकळे होते त्यांचे. सकाळीच अमरावतीला जाऊन गिला वडा आणला होता, पाहुण्यांपुढे ठेवला आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "वरून थापाड्या हाय पोट्टा. पन मधातून चोख. म्या पाह्यला हाय." लग्न ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. त्यांच्या घरी कुणी काकूंना बांधत नव्हतं, दार मात्र लावून घेत होते. त्या दुपारी ते उघडं राहिलं. मे महिना, अकोला. ज्या उन्हात कावळा चोच उघडून झाडाखाली चालत जातो, त्या उन्हात काकू अनवाणी निघाल्या आणि साडेतीन कोस चालल्या. हे अंतर मी एरवी दहा कोस सांगितलं असतं. जिनिंग बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. फाटकाला कुलूप, आत बाभळी. फाटकासमोर, पदर डोक्यावर घेऊन, त्या बसलेल्या सापडल्या. अंग थंड व्हायचं होतं, पण त्या गेलेल्या होत्या.

मी काकाजींना फटफटीवर घेऊन गेलो. भाऊ त्यांच्या गळ्यात पडून रडला, माफी मागायला लागला. काकाजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुया मनात वाईट नव्हतं. बस झालं."

परतीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. तिथे ते बोलले, आणि मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"फाटकाशी बसली होती. कोनाची वाट पाहून राह्यली होती सांग? माहीच ना. घरात म्या तिच्यासाठी परका होतो, पन आत, मधात, म्या होतो. तिलेबी माहीत नव्हतं ते. त्याले माहीत होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "कोनाच्याच मनात खोट नव्हती. तिच्या भावाच्या नाई, तुया नाई, माह्या नाई. समदे मधातून चोख, आन् ती गेली. हे त्याले दिसते म्हनून म्या जगीन."

ते जगले. मी लग्न करून अमरावतीला राहायला गेलो. वर्षातून एकदा भेटायचो. दरवेळी ते तेच म्हणायचे, तुया मनात काही नव्हतं लेका, त्याले माहीत हाय. मी बाहेर येऊन फटफटीला किक मारायचो आणि ती पाच पाच मिनिटं लागायची नाही. तो मधात हात घालणारा ग्रेडर त्यांचा सोबती असेल. माझ्या छातीत त्याचा हात अकरा वर्षं खांद्यापर्यंत खुपसलेला होता आणि तो काढतच नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत गेलो तेव्हा ते ओट्यावर उन्हात बसले होते. ऐंशी उलटून गेलेले, दृष्टी अधू, कान तेवढे शाबूत. त्यांनी ते वाक्य सुरू केलं आणि मी ते पुरं होऊ दिलं नाही. सगळं सांगितलं. रविवार, आधीच्या स्थळाचा अर्धा कप, बॅगेतला कागद. सांगताना कुठे वाढवलं नाही, कुठे कमी केलं नाही. मला वाटलं होतं, ते शिव्या देतील. मनातून मी त्यासाठीच गेलो होतो, शिव्या खाऊन हलका होऊन यायला.

ते म्हणाले, "मंग हे त्याले तवाच माहीत होतं."

"कोणाला?"

"वरच्याले. तू इथीच बसला होता, तुया मनात रविवार होता, ते त्याले दिसून राह्यलं होतं."

"हो."

"आन् तो गप बसला."

"हो," मी म्हटलं.

"मले वाटे, त्याले समदं माहीत हाय म्हनजे तो माह्या बाजूनं हाय," काकाजी म्हणाले. "तो तं नुसता पाहून राह्यला होता."

गल्लीतून एक ऑटो गेला. त्यांनी त्या आवाजाकडे मान वळवली आणि परत आणली.

"बायको चांगली हाय ना तुई?"

"चांगली आहे."

"पोरं?"

"एक मुलगी."

"बरं हाय," ते म्हणाले. "जाय आता. ऊन चढाच्या आत निंघ."

मी उठलो. फाटक लावताना वळून पाहिलं. काकूंना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण त्या घरात एकटा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.